टिंबापलीकडची घरं

तामिळनाडूतल्या ओरत्तनाडूहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांची बदली झाली म्हणून वर्षभरापूर्वी हे कुटुंब सांगलीहून तंजावूर जिल्ह्यातल्या या गावी आलं. घरी आजी, आई-बाबा आणि पाचवीतली लेक. शाळा इंग्रजी माध्यमाची, खेळायला येणाऱ्या मैत्रिणी तमिळ बोलणाऱ्या आणि घरात मराठी. चौथीपर्यंत गणितात पहिल्या पाचांत असणारी ही मुलगी दशांश अपूर्णांकांपाशी येऊन अडली. वहीत लाल शाईनं शेरा आला, ‘सराव हवा.’ आईनं रोज पन्नास गणितं घालायला सुरुवात केली. महिनाभर झाला, पण चूक तीच. शेवटी एका रात्री लेक पांघरुणातून म्हणाली, “आई, मी इथं येऊन ढ झाले का गं?”

ताई, तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचलं आणि ठरवलं, की या आठवड्यात दुसरा विषय नको. पत्रासोबत तुम्ही वहीचं एक पान पाठवलंत, ते फार बरं केलंत. त्यातलं पहिलंच गणित असं आहे : २.५ + १.२५ = ३.३०.

आता लाल शाई बाजूला ठेवून या उत्तराकडे पाहा. टिंबाच्या डावीकडे दोन आणि एक मिळून तीन. उजवीकडे पाच आणि पंचवीस मिळून तीस. दोन्ही बेरजा बिनचूक आहेत! तुमच्या लेकीला बेरीज उत्तम येते. फक्त टिंब म्हणजे भिंत आहे आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संख्या राहतात, अशी तिची समजूत झाली आहे. त्या समजुतीनं ती प्रामाणिकपणे चालली आहे. ढ मुलं अशी शिस्तीत चुकत नाहीत, बरं का. पन्नास गणितांचा उपयोग एवढाच झाला, की ती भिंत आणखी पक्की झाली.

भिंत बांधली कोणी?

आपणच! क्रिकेटच्या सामन्यात ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू. ४.३ षटकं आणि आणखी ४.३ षटकं मिळून होतात ९ षटकं. गणिताच्या पुस्तकात मात्र ४.३ आणि ४.३ मिळून ८.६ होतात. घड्याळातले ७.३० म्हणजे साडेसात वाजले. एखाद्याची उंची आपण ५.६ फूट लिहितो, ती पाच फूट सहा इंच असते. ही सगळी टिंबं नुसती दोन आकडे वेगळे ठेवणारी. मुलांनी हीच टिंबं आधी पाहिलेली असतात. पुस्तकातलं टिंब दिसायला अगदी तसंच, पण त्याचा स्वभाव निराळा, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पूर्वी शिक्षक रुपये-पैशांचं उदाहरण देत. पण ‘बारा रुपये पन्नास पैसे’ म्हटलं की पुन्हा दोन वेगळ्या राशीच डोळ्यांपुढे येतात. शिवाय २०११ च्या जूनअखेरीस पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. आजच्या पाचवीतल्या मुलानं पैसा हातात धरलाय कुठं? न पाहिलेल्या वस्तूवरून न समजलेली गोष्ट कशी कळावी?

आजीचं गणित, नातीचं गणित

तुम्ही लिहिता, की आजी नातीला पावकी, निमकी, दिडकी शिकवायला बघतात आणि नात गोंधळते. आजींचं चुकत नाही. आपले बापजादे एककाच्या वर दहा-दहानं चढत असत, पण एककाच्या खाली उतरताना मात्र अर्धं करत उतरत : अर्धा, पाव, अदपाव. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. म्हणून तर पावकी, पाऊणकी, सवायकी, औटकी असे पाढे पाठ करावे लागत. तुमच्या शेजारणींच्या आज्याही तसंच करत. तमिळमध्ये अर्ध्याला ‘अरै’, पावाला ‘काल’, पाऊणला ‘मुक्काल’ म्हणतात. गंमत बघा, आपला ‘पाव’ हा संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय या शब्दावरून आला आणि तमिळ ‘काल’चाही अर्थ पायच. भाषा दोन, पण चौथा भाग दोघींनी चतुष्पादाच्या पायावरूनच ओळखला! तमिळ हिशेबनीस तर ‘मुंदिरी’पर्यंत, म्हणजे तीनशे विसाव्या भागापर्यंत खाली जात. कावेरीच्या काठची भाताची जमीन मोजायची, तर एवढा बारकावा लागायचाच.

मग १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे हिशेबानं सव्वासहा पैसे व्हायचे. पाव पैसा देणार कुठून? म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस, असा तक्ता लोकांना पाहावा लागे. पुढच्या काही वर्षांत शेर-मणाची जागा किलोनं घेतली. त्या दिवसांपासून एककाच्या खालीही दहा-दहानंच उतरायचं ठरलं. आजी ज्या जिन्यानं उतरतात तो अर्ध्या-अर्ध्याचा, नात ज्या जिन्यानं उतरते तो दहा-दहाचा. दोन्ही जिने खरे आहेत. पोरीला एवढंच सांगायला हवं, की हे जिने दोन आहेत.

तुमच्या गावातच उत्तर आहे

तुम्ही ज्या मुक्तांबाळ छत्राचा उल्लेख केलात, ते दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी उभारलं. या भोसले राजानं (कारकीर्द १७९८ ते १८३२) छत्रात अन्नदानाबरोबर मुलांच्या फुकट शिक्षणाचीही सोय केली होती. भूगोल शिकवायचा, तर त्यानं मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ हे गाण्यांचं नाटक रचलं! देश आणि नद्या तोंडानं म्हणता म्हणता लक्षात राहाव्यात, हे त्याला कळलं होतं. अंकांनाही तेच लागू पडतं.

जुन्या तमिळ लिखाणात दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हं होती. २३४५ लिहायचे, तर दोन-हजार, तीन-शंभर, चार-दहा, पाच असं लिहीत. प्रत्येक अंकाशेजारी त्याच्या घराची पाटी! आपल्या पद्धतीत त्या पाट्या काढून टाकल्या आणि नुसत्या जागेवरून घर ओळखायचं ठरलं. हा फार मोठा शोध, यात शंका नाही. पण मोठ्यांच्या सोयीसाठी काढलेल्या पाट्या लहानग्यांना काही दिवस लागतातच.

बोलण्यातही तसंच. सत्तावीसला तमिळमध्ये ‘इरुपत्तेळु’, म्हणजे वीस-सात. ज्या क्रमानं लिहायचं त्याच क्रमानं बोलायचं. आपण ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी घेतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीनं ‘वीस सात’ असंही वाचन दिलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा दक्षिणेकडच्या भाषांचाच दाखला दिला होता. (२०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.) ‘सत्तावीस’ हा आपला देखणा शब्द आहे, तो जाऊ नये, असं मलाही वाटतं. पण अडलेल्या मुलासाठी ‘वीस सात’ ही काठी आहे. पाय बरा झाला की काठी आपोआप सुटते.

तेव्हा २.७५ ला घरात ‘दोन पॉइंट पंच्याहत्तर’ म्हणणं महिनाभर बंद करा. त्यातून ‘पंच्याहत्तर’ ही मोठी संख्या कानावर पडते आणि भिंत पुन्हा उभी राहते. म्हणा, ‘दोन एकक, सात दशांश, पाच शतांश.’ लांबलचक वाटेल, वाटू द्या.

आधी रोग ओळखा

पन्नास गणितं नकोत, फक्त चार प्रश्न विचारा. मोठी संख्या कोणती?

४.८ की ४.६३? २.७ की २.७५? ३.०८ की ३.५? ०.५ की ०.५०?

पहिल्या प्रश्नाला ४.६३ आणि तिसऱ्याला ३.०८ असं उत्तर आलं, तर मूल टिंबापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतंय. त्रेसष्ट आठापेक्षा मोठे, आणि आठ पाचापेक्षा मोठे! काही मुलं याच्या उलट करतात. ‘शतांश लहान असतात’ एवढंच ऐकलेलं असतं, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, असं ती धरून चालतात. ती दुसऱ्या प्रश्नाला २.७ म्हणतील. मजा अशी, की पहिल्या गटातली मुलं दुसरा प्रश्न बरोबर सोडवतात आणि दुसऱ्या गटातली पहिला, दोन्ही चुकीच्या कारणानं! चौथ्यात दोन्ही सारखे आहेत. तिथं एखादी बाजू निवडली, तर शेवटच्या शून्याचं काम समजलेलं नाही. दोन्ही संख्यांत टिंबापुढे सारखेच अंक असतील, तर यातली कुठलीच चूक वर येत नाही. म्हणून वहीतली बरोबरची खूण पाहून निर्धास्त होऊ नका.

मग रोज पंधरा मिनिटं

चौकटीची वही घ्या. वर पाट्या लिहा : शतक, दशक, एकक, दशांश, शतांश. टिंब एककाच्या घराच्या उजव्या खांबावर. मूल हमखास विचारेल, “एकक आहे, मग एकांश कुठाय?” शाबासकी द्या! आरशासारखी जोडी टिंबाभोवती नाही, एककाभोवती आहे. एककाच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश. पुढे शतक, तसा शतांश. टिंब फक्त एकक कोणता ते दाखवतं.

आता २.५ आणि १.२५ आपापल्या घरांत बसवा. पाच दशांशांच्या घरात, दोनही दशांशांच्या घरात. शतांशांच्या घरातले पाच एकटेच. उत्तर ३.७५ मुलगी स्वतःच काढील. बेरजेआधी एक सवय मात्र लावा, अंदाजाची : “अडीच आणि सव्वा, म्हणजे तीनाच्या वर की चाराच्या?” आजींना इथं बोलवा. अडीच आणि सव्वा मिळून पावणेचार, हे त्या क्षणात सांगतील. मग नातीला दाखवू द्या, की आजीचे पावणेचार आणि वहीतले ३.७५ एकच.

शिलाईची टेप काढा. १०० सेंटिमीटरचा एक मीटर. दहा सेंटिमीटर म्हणजे एक दशांश, एक सेंटिमीटर म्हणजे एक शतांश. ०.८ मीटर आणि ०.३५ मीटर लांबीच्या दोऱ्या कापून शेजारी ठेवा. वाद तिथंच मिटतो. बाजारात भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० दिसलं की विचारा, “हे किती गं?” पाव किलो. ०.७५० म्हणजे पाऊण, १.५०० म्हणजे दीड. तमिळ भाजीवाली ‘मुक्काल’ म्हणेल, तेही लिहून घ्या.

आणि ‘दहानं गुणायचं तर शून्य द्या’ हा मंत्र विसरा. २.५ ला शून्य दिलं तर २.५० होतात, म्हणजे जैसे थे. म्हणा, ‘दहानं गुणलं की प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो.’ दोन दशकात गेले, पाच एककात, झाले २५. टिंब जागचं हलत नाही, अंक घर बदलतात.

रोज पाच गणितं पुरेत, पण प्रत्येक गणित तोंडानं बोलून. लिहिताना .५ असं उघडं टिंब नको, ०.५ असंच हवं. हा केवळ टापटिपीचा भाग नाही. लहान बाळाच्या औषधाच्या चिठ्ठीत .५ मिली लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर वाचणारा ५ मिली वाचील, म्हणजे दहापट औषध! टिंबाआधीचं शून्य हा टिंबाचा पहारेकरी आहे. हे कारण मुलांना सांगितलंत, तर शून्य लिहायला पुन्हा सांगावं लागत नाही.

ताई, शेवटी तुमच्या लेकीच्या प्रश्नाकडे येते. तिला सांगा, की ती ढ झालेली नाही. घरात सत्तावीस, अंगणात इरुपत्तेळु आणि शाळेत ट्वेंटीसेव्हन असे तीन भाषांतले आकडे एका वर्षात सांभाळणारी पोर ढ कशी असेल? तिच्या उत्तरांना कारण होतं, ते आपण मोठ्यांनी विचारलं नाही. यापुढे चूक दिसली, की ‘पुन्हा कर’ म्हणण्याआधी एवढंच विचारा, “हे कसं काढलंस गं?” आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. महिनाभरानं पुन्हा पत्र लिहा, त्या वहीचं नवं पानही पाठवा. मी वाट पाहीन.