कण्हेर आणि कुत्रं एकाच अंगणात

महादेवाला बेलाबरोबर धोत्रा, रुई आणि कण्हेर वाहतात. नाशिकमध्ये रामकुंडाजवळच्या आपल्या कपालेश्वरालाही. धोत्र्याची बी, रुईचा चीक, कण्हेरीचं पान ही तिन्ही विषारी आहेत. पंचवटीतल्या वाड्यांना परसू होतं, तेव्हा ही झाडं कुंपणाच्या कडेला वाढत आणि कुत्र्याला फिरायला सगळी आळी मोकळी असे. आता वाड्याच्या जागी इमारत उभी आहे. कण्हेर कुंडीत आली, कुंडी बाल्कनीत आली आणि मालक कामावर गेले की कुत्रंही दिवसभर त्याच बाल्कनीत असतं. कंटाळलेलं पिल्लू समोर दिसेल ते चावतं.

कण्हेरीचं विष थेट हृदयाची लय बिघडवतं. पांढरी, लाल आणि पिवळी बिट्टी, तिन्हींचं तेच. छाटून टाकलेली फांदी वाळली तरी विष जात नाही. म्हणून छाटणीचा कचरा अंगणात पडू देऊ नका आणि कुत्र्याशी खेळताना कण्हेरीची काटकी कधीही फेकू नका. गुरं कडू म्हणून तिला तोंड लावत नाहीत. रस्त्याच्या दुभाजकांवर ती टिकते, त्याचं हे एक कारण आहे. पण गाय टाळते म्हणून पिल्लूही टाळेल, या भरवशावर राहू नये.

ओळखीचं ते निर्धोक, ही आपली समजूत नाशिकमध्ये आणखी एका ठिकाणी नडते. ते म्हणजे द्राक्षं. हंगामात घरोघरी पेटी येते, बंगल्यांच्या मांडवावर वेल असतो, आणि खाली पडलेले मणी कुत्रं टिपतं. आपणही लाडानं दोन मणी त्याच्या पुढ्यात टाकतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला काहीच होत नाही, तर दुसरं थोडक्या मण्यांनी आजारी पडतं, त्यामुळे अमुक इतके चालतील असं सांगताच येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. चिंचेतही तेच आम्ल असतं, तेव्हा चिंचही नको.

कांदा तर आपल्या जिल्ह्याची ओळख. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि मांजराला त्याचा त्रास लवकर होतो. झाडांसाठी कांद्याच्या सालांचं पाणी मुरवत ठेवणाऱ्यांनी त्या बादलीवर झाकण ठेवावं. खतांत एरंडीची पेंड सर्वांत वाईट. सेंद्रिय म्हणून ती आपण निर्धास्त टाकतो. तिच्यात रायसिन हे जहाल विष राहिलेलं असू शकतं आणि वासाला भुलून कुत्री कुंडी उकरून ती खातात. गांडूळखत वापरा, झाडाचं काही बिघडत नाही.

मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ येऊ नये, हे मी ठासून सांगते. अंगावर सांडलेला पराग मांजरानं चाटला, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शोभेच्या सायकसचं बी कुत्र्याचं यकृत पोखरतं. मनीप्लँट आणि डिफेनबाखियानं तोंडाची आग होते, लाळ गळते. ती टांगत्या कुंडीत लावली की बहुधा काम भागतं. गुलाब, मोगरा, अरेका पाम, स्पायडर प्लँट खुशाल लावा. मांजराला हिरवं चघळायची सवय असेल तर एका पसरट कुंडीत गहू पेरून द्या.

काही खाल्ल्याची शंका आली तर उलट्या सुरू व्हायची वाट पाहू नका. मिठाचं पाणी, दूध, तेल यांतलं काहीही पाजू नका. खाल्लेल्या झाडाची डहाळी पिशवीत घाला, वेळ लक्षात ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे निघा. झाड कोणतं ते कळलं की उपचाराला दिशा मिळते.

कण्हेर उपटून टाका, असं मी म्हणत नाही. गच्चीला दार असेल तर तिला तिकडे हलवा, पूजेपुरती फुलं आणा आणि निर्माल्य झाकणाच्या डब्यात ठेवा. रोपवाटिकाचालकांना मात्र कळकळीची विनंती आहे. झाडाला ऊन किती आणि पाणी किती हे तुम्ही सांगताच. घरात कुत्रं-मांजर आहे का, एवढं एक वाक्य गिऱ्हाइकाला विचारा आणि कण्हेर, सायकस, लिलीच्या कुंडीला मराठीत पाटी लावा.