आई वाईट नव्हती

'कॅथी कम होम' हे नाव ऐकलंय का? केन लोच यांनी दिग्दर्शित केलेलं हे टीव्हीवरचं नाटक बीबीसीने १६ नोव्हेंबर १९६६ रोजी ब्रिटनमध्ये दाखवलं. नवऱ्याला कामावर अपघात होतो, कमाई थांबते, घर जातं. शेवटी रेल्वे स्टेशनवर सरकारी माणसं कॅथीच्या कुशीतून मुलं ओढून नेतात. का, तर तिला घर नाही! "आईबापच बेफिकीर" असं आपणही स्टाफरूममध्ये पटकन बोलून जातो ना? हे नाटक नेमकं तिथेच बोट ठेवतं, म्हणून ते मला मोठं वाटतं. तेव्हा लोक हळहळले, खूप चर्चा झाली. पण मुलंबाळं असलेल्या बेघर कुटुंबांना निवारा देणं नगरपालिकांवर बंधनकारक करणारा कायदा यायला १९७७ उजाडलं. अकरा वर्षं! तोवर कॅथीची मुलं केवढी झाली असती, विचार करा.