पाठांतराची इंग्रजी कोणाच्या सोयीची?

इंग्रजी साहित्याचे अध्ययन म्हणजे व्याख्यांची घोकंपट्टी, हे समीकरण ग्रामीण महाविद्यालयांत घट्ट रुजले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेड, अकोले या तालुक्यांतून येणारी अल्पभूधारकांची आणि ऊसतोडणी कामगारांची मुले ‘सिमिली’, ‘मेटाफर’, ‘आयरनी’ यांच्या व्याख्या गाइडांतून पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवितात आणि निकालाबरोबर विसरतात. पदवी हाती येते. भाषा हाती येत नाही.

यावर ठरलेले समर्थन असे, की या मुलांना मुळात साहित्याची जाणच नसते. हे समर्थन खोटे आहे, आणि याच जिल्ह्याच्या भूमीवर ते करणे हा तर कृतघ्नपणा होय. नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संस्कृतात कोंडलेले तत्त्वज्ञान सामान्य श्रोत्यांपर्यंत नेण्यासाठी ज्ञानेश्वरांनी उपमा, रूपक आणि दृष्टान्त यांची रास ओतली. अलंकार हा तेथे शोभेचा दागिना नव्हता. विद्येची मक्तेदारी फोडण्याचे ते हत्यार होते. त्या काळी संस्कृतचे जे स्थान होते, ते आज इंग्रजीचे आहे. ज्या मुलाच्या घरात ओवी आणि भारूड नांदते, त्याला रूपक परके नाही. परके आहे ते त्याचे इंग्रजी नाव. शिक्षणव्यवस्था मात्र नावालाच ज्ञान समजते आणि त्या मुलाजवळचे भांडवल शून्य ठरविते.

प्रश्न केवळ रसास्वादाचा नाही. जॉर्ज ऑर्वेल या समाजवादी लेखकाने 1946 साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्या संबंधावर निबंध लिहिला. झिजलेली रूपके, बोजड शब्द आणि कर्मणी प्रयोग यांच्या आडोशाने सत्ता आपली कृत्ये कशी झाकते, हे त्याने त्यात दाखविले. ‘गोळीबार करण्यात आला’ या वाक्यात गोळी झाडणारा कोठे आहे? कामगारांना घरी बसविण्याला व्यवस्थापन ‘रॅशनलायझेशन’ म्हणते, तेव्हा ‘विवेक’ कोणाचा आणि उपासमार कोणाची? ज्या विद्यार्थ्याने कर्मणी प्रयोग केवळ वाक्यरूपांतराच्या पाच गुणांसाठी गिरविला, त्याला हा गाळलेला कर्ता कधीच दिसणार नाही. तो दिसू नये, यातच अनेकांची सोय आहे.

सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे नगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1854 सालच्या ‘काव्यफुले’मध्ये त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. तो साहेबाच्या नकलेसाठी नव्हे, दास्यमुक्तीसाठी होता. 2014 पासून पुणे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. नाव घ्यायचे सावित्रीबाईंचे आणि अध्यापन मात्र गाइडांच्या बाजाराला विकायचे, ही विसंगती किती काळ चालणार?

उलट बाजूचा दंभही तितकाच निषेधार्ह आहे. व्यासपीठावरून इंग्रजीविरोधाची गर्जना करायची आणि स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात धाडायची, असे पुढारी सर्वच पक्षांत आहेत. लोहियांचा विरोध इंग्रजीच्या राजवटीला होता, ज्ञानभाषा म्हणून तिच्या अभ्यासाला नव्हे. 1942 नंतर नगरच्याच किल्ल्यात बंदिवान असताना नेहरूंनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आझादांनी उर्दूत पत्रे लिहिली आणि आचार्य नरेंद्र देव यांनी ‘अभिधर्मकोश’ फ्रेंचमधून हिंदीत आणला. एकाच तटाआड इतक्या भाषा नांदल्या. एकीने दुसरीला लाजविले नाही.

2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. पण लवकर सुरू केलेली घोकंपट्टी ही घोकंपट्टीच असते. म्हणून मागणी अध्यापनाच्या पद्धतीची हवी. इंग्रजी सुनीताशेजारी ओवी ठेवून रूपक शिकविले जावे. आरंभी विवेचन मराठीतून करण्याची मुभा असावी. परीक्षेत व्याख्येऐवजी अपरिचित उतारा द्यावा. तो कारखान्याची नोटीस असो वा मंत्र्याचे निवेदन. त्यात काय सांगितले, काय लपविले आणि कोणत्या युक्तीने, हे विद्यार्थ्याला विचारावे.

कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावच्या अभ्यासवर्गांत हा पाठ उद्यापासून सुरू होऊ शकतो. करारपत्रातील कर्ता शोधण्यास शिकलेला तरुण पुढे अन्यायाचा कर्ताही शोधू लागतो.