पहिल्या पाळण्याचा हिशेब

घरात पहिले मूल जन्माला येते तो दिवस कोणत्याही कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा दिवस होय. पेढे वाटले जातात, पाचवीला सटवाई पुजली जाते, बाराव्या दिवशी पाळणा सजतो आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. या आनंदाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. हे मूल उद्याचा नागरिक आणि उद्याचा श्रमिक म्हणून साऱ्या समाजाचे ठरणार असेल, तर त्याच्या आगमनाचा भार समाजाने कितपत उचलला आहे?

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलीला विसावा मिळावा हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु त्याचा आर्थिक अर्थ असा की, तिच्या विश्रांतीचा खर्च ना मालकाने करायचा, ना शासनाने. तो तिच्या वडिलांनी करायचा. भूमिहीन मजुराच्या घरी डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती अनेकदा कर्जावाचून होत नाही. ज्या घरी कर्जही मिळत नाही, तेथील बाळंतीण लवकरच पुन्हा कामाला जुंपली जाते.

हा प्रश्न नवा नाही. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली होती. म्हणूनच हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हेही त्यांनी मान्य केले होते. 1929 साली मुंबई प्रांतात कायदा झाला. भार मात्र मालकावर टाकला गेला. 1961 च्या केंद्रीय कायद्याने तीच वाट धरली. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, हे निःसंशय स्वागतार्ह पाऊल होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच चौकट कायम ठेवली.

या चौकटीत दोन दोष आहेत. पहिला असा की, राज्य कामगार विम्याचे क्षेत्र सोडले तर रजेचे वेतन एकट्या मालकाला द्यावे लागते. त्यामुळे नवविवाहितेला नोकरीवर घेताना मालक हात आखडता घेतो आणि तिच्या हिताचा कायदा तिच्याच रोजगाराच्या आड येतो. रजा कमी करणे हे त्यावरचे उत्तर नव्हे. खर्च सामाजिक विम्यातून व सार्वजनिक निधीतून भागविणे हे उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1919 सालच्या प्रसूतीविषयक करारातच हे तत्त्व नमूद आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. जिला मालकच नाही तिला रजा कोणी द्यायची? बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची असते. बायको बाळंत झाली तर कोयता मोडतो, खाडा पडतो, उचल फिटत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम करारावर बोट ठेवतो. पाचटाच्या कोपीत जन्मलेल्या त्या पहिल्या बाळाच्या आईला 26 आठवडे हा शब्द ऐकूनही ठाऊक नसतो.

अशा मातांसाठी 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान 6,000 रुपयांचा हक्क दिला. 2017 साली आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये ठरले. जननी सुरक्षा योजनेचे अनुदान मिळवून बेरीज सरासरी सहा हजारांवर नेण्याची सोय केली गेली. दुसऱ्या अपत्यासाठी 6,000 रुपये मिळतात, पण ती मुलगी असेल तरच. संघटित क्षेत्रातील मातेला मिळणारे 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. पाच हजारांना 182 ने भागले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात एका दिवसाची मजुरी बुडविणे कोणत्या मातेला परवडेल? तमिळनाडूने मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत हे साहाय्य पोषक आहारासह 18,000 रुपयांपर्यंत नेले. राज्याची इच्छा असेल तर काय करता येते, याचा हा पुरावा होय.

आणि पित्याचे काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कारखान्यातील कामगाराला तसा कायदेशीर हक्क नाही. मग बाळाची आंघोळ, रात्रीची जागरणे आणि लंगोट धुणे ही बायकांचीच कामे होत, हा समज कायद्यानेच पक्का केल्यासारखे होते. मूल दोघांचे, तर रजा एकटीची का?

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: प्रत्येक मातेला, ती कोठेही राबत असो, किमान वेतनाच्या दराने 26 आठवड्यांचा प्रसूती लाभ, तो सार्वजनिक निधीतून, आणि पित्याला कायद्याने रजा. मागणी मान्य होईपर्यंत हाताशी असलेले कामही थोडे नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील वा वस्तीतील अंगणवाडीत जाऊन, पहिलटकरणींपैकी किती जणींची नोंद झाली, कितींचे हप्ते आधारकार्डावरील नाव किंवा बँकखात्याच्या अडचणीमुळे अडकले, याची यादी करावी. ऊसतोडीला गेलेल्यांची नावे त्या यादीत आधी यावीत. बारशाला बोलावणे आले की कार्यकर्ता आनंदाने जातो. पुढच्या वेळी जाताना त्याने झबल्याबरोबर अर्जाचा कागदही न्यावा.