कर्जाचं सोनं नको, हातानं ओवलेला हार हवा!

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं, जात दाखवणारे कथलाचे-चांदीचे जड दागिने टाकून द्या. त्यांचा विरोध स्वस्त धातूला नव्हता, लादलेल्या ओळखीला होता. १९५४ साली त्यांनी ज्या देहूरोडला बुद्धमूर्ती स्थापन केली, तिथं आज कंत्राटी कामगार लेकीच्या सोन्यासाठी व्याजानं पैसे काढतो. ही नवी बेडी आम्हाला मान्य नाही.

लोकल पकडा. पुण्याच्या रविवार पेठेतून टपोरे निळे मणी, तार, रेशमी दोरा आणा आणि मैत्रिणींनी मिळून तीनपदरी हार ओवा. पांढऱ्या साडीवर तो ठसठशीत उठून दिसेल. 'खोटे दागिने' म्हणून हिणवणाऱ्यांना विचारा, कर्जाचं सोनं तरी तुमचं आहे का? वाचलेले पैसे लेकीच्या शिक्षणाला लावा.

जय भीम!