परक्याची गाठ

दिवाळीची साफसफाई चालली होती आणि आम्ही खुर्चीवर बसून सूचना देत होतो. सौभाग्यवती वैतागून म्हणाली, "तुझे बाबा म्हणजे अगदी निष्क्रिय वायू!" आमची कन्या विज्ञान शाखेत शिकते. ती माळ्यावरूनच म्हणाली, "आई, तो शब्द जुना झाला. आता राजवायू म्हणतात."

बढतीच्या आनंदात आम्ही चौकशी केली. आणि वाचकहो, आम्हां मास्तरांच्या डोळ्यांत अंजन घालणारी गोष्ट हाती आली.

अणूंच्या गाठी पडतात त्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीने किंवा भागीदारीने. हेलियम, निऑन, आर्गॉन, झेनॉन या मंडळींचे घर इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेले. त्यांना ना कुणाचे देणे, ना घेणे. झेनॉन १८९८ साली लंडनमध्ये रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांना सापडला. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी 'परका'! लायनस पॉलिंग यांनी १९३३ साली भाकीत केले होते की, हा परका फ्लोरिनशी संयोग पावेल. पण तेव्हाचे प्रयोग फसले. मग पुस्तकांनी निकाल दिला, मास्तरांनी तो फळ्यावर लिहिला आणि मुलांनी पाठ केला.

कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, नील बार्टलेट नावाचा एकोणतीस वर्षांचा अध्यापक होता. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ही लाल वाफ ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन हिसकावून घेते, हे त्याला आढळले होते. १९६२ च्या आरंभी, वर्गाची तयारी करताना, पाठ्यपुस्तकातल्या एका आलेखावर त्याची नजर गेली. झेनॉनचा इलेक्ट्रॉन सोडवायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते! मग ऑक्सिजन बधतो, तर झेनॉन का नाही?

२३ मार्च १९६२ च्या संध्याकाळी त्याने दोन्ही वायूंमधला काचेचा अडसर फोडला. लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन यांची भेट झाली, आणि पाहता पाहता पिवळा घन पदार्थ तयार झाला! प्रयोगशाळेत तो एकटाच होता. आनंद सांगायलाही जवळ कुणी नव्हते. त्या पिवळ्या पदार्थाची रचना पुढे बरीच गुंतागुंतीची निघाली. पण दार उघडले ते उघडलेच. त्याच वर्षी अमेरिकेत झेनॉनचा दुसरा रेणू तयार झाला: चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार फ्लोरिन आणि मधोमध आपला परका.

आलेख तर कितीतरी मास्तरांनी पाहिला असेल. बार्टलेटने तो पाहून स्वतःलाच प्रश्न विचारला.

आमच्याकडेही एक पिवळा पदार्थ आहे: वीस वर्षांपूर्वीची वर्गाची टिपणे. गेल्या आषाढात एका मुलाने विचारले, "सर, तुकोबांच्या अभंगाचा हाच अर्थ कशावरून?" "परीक्षेत एवढेच लिही," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसवले. त्यानंतर त्याने हात वर केलेला नाही.

सुटी संपली की पहिल्या तासाला त्यालाच उभे करणार आहोत. या खेपेला प्रश्न त्याने विचारायचा, आणि टिपणे आम्ही घरी ठेवायची.