गल्ला धरा!

डोंबिवलीकराला गर्दीचं वावडं नसतं. सकाळची फास्ट पकडणाऱ्याला कसलं आलंय वावडं! पण लोकलमधल्या गर्दीकडे निदान पास तरी असतो. ई-मेलच्या पेटीत घुसणारी स्पॅमची गर्दी सगळी विनातिकीट. टकलावर केस उगवणारं तेल, न काढलेल्या लॉटरीचं बक्षीस, घरबसल्या लाखो रुपये... १९७८ साली अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं चारेकशे जणांना कॉम्प्युटरची जाहिरात एकदम धाडली, तेव्हापासून ही वरात चालू आहे. दोन वर्षांत स्पॅम संपेल, असं बिल गेट्स २००४ मध्ये म्हणाले होते. आमच्या सोसायटीत लिफ्टबद्दल असंच सांगतात.

'पुसून टाका हो, त्यात काय!' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कचरा त्यानं टाकायचा आणि केरसुणी आयुष्यभर आपण धरायची?

बरं, शोध घ्यावा, तर पाठवणाऱ्याचं नाव त्यानंच लिहिलेलं. पाकिटामागे कुणीही 'जिल्हाधिकारी, ठाणे' लिहील! वाटेतला प्रत्येक सर्व्हर मात्र टपालासारखा शिक्का मारतो. खालचे शिक्के लबाडाचेही असू शकतात, म्हणून वरून वाचत यायचं. आणि शेवटी सापडतं काय? कुणा बापड्याचा व्हायरस शिरलेला कॉम्प्युटर!

म्हणून म्हणतो, चोराच्या मागे धावू नका, गल्ला धरा. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅममधला माल चक्क विकत घेऊन पैसे कुठं जातात ते पाहिलं. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की औषधं, नकली घड्याळं वगैरे मालापैकी ९५ टक्क्यांचे पैसे मोजक्या बँकांतून वळतात. नवा सर्व्हर चुटकीसरशी मिळतो, नवी बँक पटवायला घाम फुटतो.

लांब कशाला? २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडची कॉल सेंटरं पकडली. अमेरिकन करखात्याच्या नावानं तिथून अमेरिकनांना दम भरला जाई. बोलणारी पोरं इथली, पण पैसे यायचे तिकडच्या दुकानांतल्या गिफ्ट कार्डांतून. पोरं काय, रोज नवी मिळतात!

धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी नाव नोंदवावं लागतं, आणि तक्रारीला १९०९ आहे. ई-मेलवाल्यांनाच एवढे लाड का?

परवा पत्र आलं: 'स्पॅम कायमचं बंद, फक्त ४९९ रुपयांत.' खाली पैसे भरायला यूपीआयचा चौकोन. त्यामागचं खातं कुणाचं, हे बँकेला ठाऊक असतं. विचारा की तिला!